काठावर माझी...

कास्तेल्वेर्नाचं नाट्यगृह एकवीस वर्षांनी पुन्हा उघडणार होतं. गावातल्या बड्या घराण्यांनी ते बांधलं, तेव्हा प्रत्येकाने आपापला सज्जा राखून ठेवला होता. पुढे लढाईत तिथे सैन्याचं गवत साठवलं, मग सिनेमा आला, मग कुलूप. तिथे गायलेल्यांपैकी आता दोघीच उरल्या होत्या, फोस्का आणि निवेस. उद्घाटनाआधी आवाज कसा घुमतो ते पाहायला निवेसने भर दुपारी फोस्काला बोलावून घेतलं. बाहेर धुकं इतकं दाट होतं की चौकातलं कारंजं नुसतं ऐकू येत होतं.

"ये गं राणीसरकार! की पालखी पाठवू?" निवेस दार उघडत म्हणाली.

"तुझ्या जिभेला काही म्हातारपण येत नाही," फोस्का हसली.

पन्नास वर्षांची मैत्री. याच रंगमंचावर, पहिल्याच प्रयोगाच्या रात्री, गाता गाता फोस्का एका शब्दाला अडली होती. समोरच्या खड्ड्यात लाकडी टोपाखाली, विसरलेला शब्द पुरवायला, प्रॉम्प्टर बसायचा. निवेसचाच भाऊ, देल्मो. फोस्काने त्याच्याकडे पाहिलं, त्यानेही तिच्याकडे पाहिलं... आणि तो गप्प राहिला. लोकांनी शिट्ट्या मारून तिला घालवलं. दुसऱ्या दिवसापासून ती भूमिका निवेसने केली. "मेला पिऊन बसला होता गं," असं सांगत फोस्काला कुशीत घेऊन रडली होती तीच. देल्मो नंतर तीनदा फोस्काच्या दारी आला. तिने दार उघडलं नाही. त्याच हिवाळ्यात तो न्यूमोनियाने गेला.

"गा ना, तीच ओळ," निवेस पडद्याआडून म्हणाली. "आता कोण शिट्ट्या मारतंय?"

ओल्या चुन्याचा वास येत होता. रिकामे सज्जे काळ्या तोंडांनी वाकून पाहत होते. फोस्काने सूर लावला.

"नावाड्या, फिर मागे... काठावर माझी..."

शब्द गेला. तोच, त्याच जागी.

"सावली," खड्ड्यातून कुणीतरी कुजबुजलं.

चुन्याच्या वासात बडीशेपेच्या गोळ्यांचा वास मिसळला. देल्मोच्या तोंडाला यायचा तोच. फोस्काचा गळा आपोआप गात राहिला. ती एक ओळ गायली की खालून पुढची येत होती, हळू, जपून, चूक न करता. असा आधार तिला उभ्या आयुष्यात कुणी दिला नव्हता. तिचे डोळे भरून आले.

मग कुजबूज थांबली. तोच आवाज लहान पोरासारखा म्हणाला,

"निवेस... आता गप्प बसू ना? तू सांगितलंस तसं?"

फोस्का वळली. पडद्याआड निवेस पांढरीफटक उभी होती, ओठांवर बोट ठेवून. ते बोट आपण कधी उचललं, हे तिचं तिलाही कळलं नसावं.

"फोस्का, मी तेव्हा फक्त..." ती म्हणाली. आणि अडली. तोंड उघडंच राहिलं. मग तिने पायांशी पाहिलं, शब्दाची वाट पाहत.

फोस्का एकटीच धुक्यात चालत घरी गेली. देल्मोने तीनदा वाजवलेलं ते दार तिने स्वतःच्या हाताने उघडलं आणि उंबऱ्यावरच बसून राहिली. भावाला पापी ठरवून बहिणीला तिने पन्नास वर्षं जेवू घातलं होतं.

त्या दिवसापासून निवेसचं कुठलंच वाक्य पुरं होत नाही. डॉक्टर म्हणतात, वय झालं. 'एकदा भेट तिला' असं सारा गाव सांगून थकला, तेव्हा एका सकाळी फोस्का तिच्याकडे गेली. चुलीवर चेस्टनट भाजत होते. निवेसने तिचे हात घट्ट धरले.

"फोस्का... मला एकदा तरी..."

पुढे काही येईना. ती फरशीकडे पाहत राहिली, कान देऊन.

आणि टेबलाखालून, अगदी स्पष्ट, शब्द आला. "माफ."

निवेसला तो ऐकू आला नाही. फोस्काला आला. तिने तो नुसता उच्चारून दाखवायचा होता, एवढंच. निवेस आशेने तिच्या ओठांकडे बघत होती.

फोस्काने हात सोडवून घेतले, कोट चढवला आणि बाहेर पडली.

"माफ," मागून पुन्हा आवाज आला. या वेळी टेबलाखालून नव्हे. जिन्यात, तिच्याच एक पायरी मागे.