एका वेढ्याची गाठ

दारात आधी रेनकोट आला आणि मग माणूस.

झालं होतं असं, की रेनकोट गोधडीने घातला होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेली, टोपीची नाडी आवळलेली, बाह्या पोटावर बांधलेल्या... आणि तिला तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून आलेला माणूस मात्र नखशिखांत भिजलेला. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं.

"पायपुसण्यावर उभे राहा," टेबलाशी शिवत बसलेली मुलगी सुई न थांबवता म्हणाली. "गळायचे थांबलात, की आत या."

"मी थांबेन हो, पण हिला आधी घ्या," त्याने गोधडी पुढे केली. "ही कोरडी आहे."

तेव्हा कुठे तिने मान वर करून नीट पाहिलं. स्वतः भिजून गोधडी कोरडी आणणारं गिऱ्हाईक तिने आजवर पाहिलं नव्हतं. पाहिलं ते जरा जास्तच वेळ पाहिलं, असं पुढच्या खोलीत बसलेल्या मावशीचं मत. पण मावशीची मतं भरपूर असत.

दुकान मावशीचंच. पुढे मावशी आणि तिचा आवाज. मागे खिडकीपाशी लांबलचक टेबल आणि ही भाची. लोक घरी शिवलेल्या गोधड्या इथे आणत. शिवण झालेली असे, शेवटचा हात फिरायचा राहिलेला असे. कडेने रंगीत गोट, कोपऱ्यांना गोंडे, कुठे एखादं फूल, कुठे नाव. "गोधडी कुणीही शिवतं," मावशी म्हणे, "पण ती अमक्याचीच आहे, हे तिच्याकडे बघून कळलं पाहिजे. ते काम आमचं." म्हणून भाची आधी कापडाला हात लावत नसे. आधी चौकशी करी.

"कोण पांघरणार?"

"आत्या."

"झोपेत पाय बाहेर काढतात की आत ठेवतात?"

तो गोंधळला. "काय चोरीबिरी झालीय का?"

"पाय बाहेर काढणाऱ्याच्या पायथ्याशी गोंडे लावले, तर रात्रभर गुदगुल्या होतात. सांगा."

"बाहेर. डावा."

"चष्मा?"

"तीन आहेत. एकही सापडत नाही."

"मग उशाकडे चष्म्यासाठी खिसा. बटणाचा." ती गोधडी उलगडू लागली. जुने सदरे, जुने पडदे, कुणाच्या तरी फ्रॉकची निळी झालर. धावदोरा बारीक, एका चालीचा. हात जाणता होता. पण टेबल संपलं तरी गोधडी संपेना. "एकट्या बाईला एवढी मोठी?"

"आत्या ऐसपैस झोपते," तो म्हणाला आणि भिंतीकडे पाहून एकदम हळहळला. "अरेरे... हे घड्याळ बंद आहे."

"मावशीने दुकान घेतलं तेव्हापासून. आम्ही भुकेवर चालतो."

"मी घड्याळजी आहे. मला हे बघवत नाही."

"मग बघू नका."

पण तो स्टुलावर चढलाही होता. घड्याळ उतरवून घेताना त्याने खिशातून भिंगाची छोटी नळी काढून डोळ्याला लावली आणि त्याच डोळ्याने मग तिच्याकडे पाहिलं. एक डोळा साधा आणि एक भलामोठा. तिला हसू आलं. ते तिने दातांत दोरा धरून दाबलं.

"पक्कं लावाल ना सगळं?" त्याने विचारलं.

पुढच्या खोलीत मावशीने श्वास रोखला. हा प्रश्न या दुकानात कुणी विचारत नसे.

"मी लावलेलं सुटत नाही," ती शांतपणे म्हणाली. "दोन वेढ्यांची गाठ, आणि टोक आत दडवलेलं. कापड विरेल, माझी गाठ राहील."

"बाप रे. आमच्यात एवढं बोलायची कुणाची छाती नाही. आम्ही म्हणतो, चालेल तोवर चालेल."

"म्हणून तुमच्याकडे लोक परत परत येतात. माझ्याकडे एकदाच."

"एकदाच?" तो दारातून वळून म्हणाला. "हे काही बरोबर नाही बुवा..."

तो परत आला. गोधडी न्यायला आला, ते ठीकच. पण त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा आला आणि संकोचून त्याने मूठ उघडली. मुठीत गोंडा.

"आत्या म्हणाली, पडला."

"पडला?" जणू छप्पर पडल्याची बातमी आली होती. तिने गोंडा घेतला, उलटा केला, सुलटा केला. काही न बोलता लावून दिला. मावशी मात्र बोलली. "राणीसरकार, एक गोधडी परत आली, की दहा गिऱ्हाईकं पाठ फिरवतात. लक्ष कुठे असतं हल्ली?"

लक्ष कुठे होतं ते मावशीला पक्कं ठाऊक होतं. घड्याळ दुरुस्त होऊन भिंतीवर आलं होतं आणि भाची त्याच्याकडे उगीचच बघत असे.

मग खिशाचं बटण आलं. ते लावेपर्यंत घड्याळजी स्टुलावर बसला. सगळी घड्याळं नीट करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घड्याळ मात्र मागे पडे.

"असं कसं चालतं तुम्हाला?"

"घरचं काम शेवटी. तुमची स्वतःची गोधडी कशी आहे? गोंडे आहेत?"

तिची गोधडी साधी होती; कडासुद्धा नुसत्या दुमडलेल्या. "मी पाय आत ठेवते," तिने भलतंच उत्तर दिलं.

"बरं झालं सांगितलंत," तो गंभीरपणे म्हणाला, आणि तिचे कान लाल झाले.

"ही अबोली ओढणी नवी का गं?" तो गेल्यावर मावशीने विचारलं.

"जुनीच आहे."

"हो का? मग तीच बटणवाल्या दिवशी बरी सापडते."

इथवर सगळं गोड होतं. पण तिसऱ्या खेपेला गोटच सुटून आला. हातभर लांब, लोंबणारा. आणि नेमक्या त्याच वेळी टेबलापाशी एक बाई उभ्या होत्या. लेकीच्या बाळासाठी शिवलेली दुपटी आणि गोधड्यांचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. त्यांनी लोंबणारा गोट पाहिला. ओठ मुडपले. "मी... नंतर येते हं," म्हणत गठ्ठा उचलून चालत्या झाल्या.

आजवर तिने उगाच तोरा मिरवला नव्हता. हात तसा होता म्हणून तोरा होता. आता लोक काय म्हणतील... आणि हा काय म्हणत असेल? बोलायला वाघ, गाठीला शेळी?

"भिंग द्या," ती म्हणाली.

त्याने नळी दिली. तिने ती डोळ्याला लावली आणि दोऱ्याचं टोक पाहिलं. झिजून तुटलेला दोरा पिंजारतो, त्याला केस फुटतात. हे टोक सपाट होतं. तिरकं, स्वच्छ, कात्रीचं.

तिने नळी टेबलावर ठेवली.

"हे सुटलेलं नाही. कापलंय."

"कापलंय?"

"गोंडाही कापला असणार, बटणही. मी पाहायला हवं होतं. तुमच्या दुकानात बारीक हत्यारांना तोटा नाही, नाही का? काय मजा येते हो तुम्हाला? एका बाईची जिरवायची?"

तो एक पाऊल मागे सरला. बोलला तेव्हा आवाज अगदी खाली गेला होता. "आमच्या शेजारणीला मी कालच सांगितलं, की चूक गोधडीची असेल, लावणाऱ्या हाताची नसणार. तिला पटलं नाही. मला पटलं होतं." त्याने नळी उचलून खिशात टाकली. "गोट लावून द्या. पुन्हा त्रास देणार नाही."

तिने गोट लावला. तो स्टुलावर बसला नाही, दाराशी उभा राहिला. टाके सरसर पडत गेले, एकासारखा एक. शेवटची गाठ आली. एक वेढा... आणि दुसरा द्यायच्या ऐवजी तिच्या बोटांनी दोरा ओढून टोक आत सारलं. एकच वेढा. लहान मुलगी बाहुलीच्या झग्याला देते तसली गाठ.

कुणी तिला विचारलं असतं, की बाई, हे काय केलंस, तर तिने सांगितलंही नसतं.

"घ्या," ती म्हणाली. तो गेला.

मग घड्याळ चालू लागलं. म्हणजे ते आधीही चालतच होतं. पण आता ऐकू यायला लागलं. टक्, टक्. एका वेढ्याची गाठ ती किती तग धरणार! आज सुटेल, उद्या सुटेल. तिला आशाही होती आणि शरमही वाटत होती, आणि दोन्ही एकाच दोऱ्यात ओवलेल्या. अबोली ओढणी रोजच सापडू लागली. मावशीने त्यावर एक शब्द काढला नाही. मावशी गप्प, म्हणजे मामला गंभीर.

तो आला नाही. त्याची आत्या आली.

ठेंगणी, ठसठशीत बाई. आल्या आल्या तिने पिशवीतून मोठी कात्री काढली आणि टेबलावर ठेवली, हत्यार टाकून शरण आल्यासारखी.

"मी कापलं. तिन्ही वेळा. या कात्रीने."

"तुम्ही? पण... का?"

"का म्हणजे? बाजारात माझ्या पिशवीचा बंद तुटला होता, आठवतंय? भाज्या रस्त्यावर. तू ओळख ना पाळख, पर्समधून सुई काढलीस, उभ्या उभ्या बंद शिवलास, वर मलाच दटावलंस, की एवढं वजन का उचलता! मी तिथेच ठरवलं. पण माझा भाचा! त्याला ढकलल्याशिवाय तो हलत नाही. एकदा पाठवून काय होणार? म्हणून कापत गेले. गं बाई, गाठ सुटता सुटेना! मला वाटलं, गोंडा हाताने ओढून काढीन. छे! कात्रीच आणावी लागली."

भाचीला रडू यावं की हसू, कळेना.

"आणि गोधडी एवढी मोठी..."

"माझी आहे का ती? मी एकटी तिच्यात हरवले असते. लग्नाची आहे त्याच्या. तुला कसं गं कळलं नाही? एवढी चौकशी करतेस आणि!"

मावशी आतल्या आत खुदखुदत होती. या दोघी एकमेकींना ओळखत तर नाहीत ना, अशी शंका भाचीच्या मनात येऊन गेली. पण तो तपास पुढे कधीतरी.

"त्या दुपट्यांच्या बाईंना मी सगळं सांगून आले," आत्या म्हणाली. "त्या उद्या गठ्ठा घेऊन येतील. तुझं नाव धुऊन निघालं. पण त्याचं काय करू? त्यालाही खरं सांगितलं, तर तो माझ्याशी बोलत नाही. गोधडी दुकानात घेऊन बसलाय. मला हात लावू देत नाही."

आत्या गेल्यावर तिने सुई डबीत ठेवली. मग उठली, स्टुलावर चढली, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. त्याची पाठ उघडली आणि टाचण्यांच्या डबीतली एक टाचणी...

"अगं, चांगलं चालतंय ते!" मावशी ओरडली.

"म्हणूनच," ती म्हणाली.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. तिने अबोली ओढणी काढून घड्याळाभोवती गुंडाळली आणि स्वतः भिजत निघाली.

घड्याळजीचं दुकान म्हणजे दोन हातांची जागा. चारी भिंतींवर घड्याळं, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. तो भिंग लावून वाकला होता. दारात आधी ओढणीतलं घड्याळ आलं आणि मग ती. केसांतून पाणी निथळत असलेली.

तो उठून उभा राहिला. डोळ्याची नळी काढायचं विसरला.

"बंद पडलंय," तिने घड्याळ पुढे केलं.

"हे कोरडं आहे," तो हळूच म्हणाला.

"घड्याळ भिजू नये म्हणतात."

त्याने पाठ उघडली, चिमट्याने आत चाचपलं आणि एक टाचणी बाहेर काढली. उजेडात धरली. "हे पडलेलं नाही. पाडलंय."

"हो. मी पाडलं."

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. "का?"

"यायला कारण हवं होतं. तुमच्या घराण्यात अशीच पद्धत आहे म्हणे." तिने श्वास घेतला. "मी तुम्हाला नको ते बोलले. चुकले. हे मी फारसं म्हणत नाही, तेव्हा नीट ऐकून घ्या."

"ऐकलं," तो म्हणाला. मग खाली वाकून त्याने टेबलाखालून गोधडी काढली. कोपऱ्याशी गोट मोकळा होता. आणि खणातून त्याने एक कागदाची गुंडाळी काढून तिच्या हातावर ठेवली. त्या गुंडाळीवर भाचीचाच दोरा, अखंड, टाक्यांच्या वळ्या तशाच राहिलेला.

तिने भिंग मागितलं नाही. तिला बोटांनीच कळलं.

"कापला नाहीत."

"कापायला हात धजावला नाही. चिमट्याने उसवला... एकेक टाका." त्याचे कान लाल झाले होते. "आत्याचं कळलं, तेव्हा वाटलं, आता कारणच संपलं. म्हणून केलं. आणि केल्यावर घेऊन यायची लाज वाटली. रोज गुंडाळत बसलो." त्याने गुंडाळीकडे बोट केलं. "एक मात्र कळेना. वाटलं होतं, शेवटच्या गाठीला दिवस जाईल. चिमटा लावला आणि ती आपोआप सुटली. तुमची गाठ, आणि..."

चारी भिंतींवरची घड्याळं एकदम कान देऊन ऐकत असल्यासारखी वाटली.

"एकच वेढा दिला होता," ती म्हणाली.

"चुकून?"

तिने हात उंचावून त्याच्या डोळ्याची नळी काढली. आता दोन्ही डोळे सारखे झाले आणि दोन्हींत ती मावली.

"माझ्या हातून चुकून काही होत नाही," ती म्हणाली. "आता सुई ओवून दे. आणि कोपरा घट्ट धर... या वेळी दोन वेढे देणार आहे."