कच्चं पान

फिटरची कवटी पान्यानं फोडली होती. एकदा नव्हे, चार वेळा. कारखान्याच्या कॉम्प्रेसरच्या खोलीत भिंतीवर छातीइतक्या उंचीपर्यंत रक्त उडालं होतं.

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा बाहेर कामगार पेंटरला तुडवत होते. त्याचा एक दात फरशीवर पडला होता.

"व्हा बाजूला!" बाईंनी दोघांना कॉलर धरून मागे ओढलं. "हा मेला तर जबाब कुणाचा घेऊ, तुमचा?"

महिन्यापूर्वी पेंटरचा धाकटा भाऊ पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये चिरडून गेला होता. प्रेसची संरक्षक जाळी फिटरनंच काढली, असं पेंटर सांगत फिरायचा. कालच कॅन्टीनमध्ये तो सगळ्यांदेखत ओरडला होता, "तुला जिवंत सोडणार नाही!"

"सरळ केस आहे, मॅडम," देखभाल विभागाचे प्रमुख म्हणाले. "आमच्या विभागाची कागदपत्रं कालपासून सगळ्या स्टाफला कॉम्प्युटरवर खुली केलीत. फक्त वाचायला. कोण कधी, कुठं काम करणार त्याचं पानही त्यात असतं. आज अकराला फिटर कॉम्प्रेसरच्या खोलीत, एकटा. यानं वाचलं आणि साधला डाव."

"तुम्ही कधी वाचलंत?"

"काल संध्याकाळी. आज पान उघडलेलंच नाही. सकाळपासून केबिनमध्ये आहे."

"सोबत कोण?"

"कुणी नाही."

बाई पेंटरकडे वळल्या. "मारायला गेला होतास?"

"गेलो होतो. खोटं कशाला बोलू? गज घेऊन गेलो."

"कुठं?"

"पंपहाऊसला. पानावर तसंच होतं. तो आलाच नाही. शेवटी गज दारावर हाणला."

प्रमुख हसले. "घ्या! गुन्हा कबूल, नुसता पत्ता चुकलाय!"

बाईंनी पेंटरच्या मोबाइलवर ते पान उघडलं. फिटर, अकरा वाजता, पंपहाऊस. त्या तडक कॉम्प्युटर विभागात गेल्या. परवानग्या देऊन पानं खुली करणारी मुलगी, आपल्यामुळंच हे झालं म्हणून, रडून लाल झाली होती.

"एकाच पानावर दोन जागा कशा गं?"

"बाई, विभागातला माणूस बदल करतो तो आधी कच्चा राहतो. त्यानं प्रसिद्ध केला की मगच बाकीच्यांना दिसतो. नुसतं वाचायची परवानगी असेल त्यांना तोवर जुनंच दिसतं."

"कच्चं कुणाला दिसतं?"

"दोघांनाच. फिटरदादांना आणि प्रमुखसाहेबांना."

"फिटरच्या खात्यातून उघडून दाखव मला."

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग हवालदारांना झडतीला पाठवलं आणि ते परतल्यावर सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं.

"फिटरनं आज दहा वीसला कामाची जागा बदलली आणि प्रसिद्ध करायची राहिली. सगळ्या स्टाफला पंपहाऊसच दिसत होतं. पेंटर तिथंच गेला. दारावर ताजे घाव आहेत, गजाला रक्ताचा थेंब नाही. कॉम्प्रेसरची खोली एकाच जिवंत माणसाला दिसत होती. प्रमुखसाहेब, तुम्हाला रोज कच्चंच दिसतं. त्यातली जागा अजून बाकीच्यांना दिसत नाही, हे विसरलात. आणि आज सकाळी लिहिलेलं काल संध्याकाळी कसं वाचलंत?"

"मी कशाला मारू त्याला?"

"त्याखाली त्यानं आणखी चार ओळी लिहिल्यात. त्यानं प्रसिद्ध केल्या की त्या सगळ्यांनी वाचल्या असत्या, म्हणून. तुमच्या केबिनमध्ये रक्तानं माखलेला डगलाही सापडलाय."

प्रमुखांनी काचेचा जग टेबलावर फोडला आणि ते बाईंवर धावले. हातातली काच बाईंच्या गालावरून फिरली. बाईंनी त्यांचं मनगट धरून पिरगाळलं, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हवालदारांनी प्रमुखांना फरशीवर दाबून धरलं.

"काय लिहिलं होतं त्यानं?" पेंटरनं विचारलं.

गालावर रुमाल दाबत बाईंनी वाचलं. "जाळी काढायला मी नकार दिला होता. माझ्या सुट्टीच्या दिवशी प्रमुखांनी स्वतः काढली. मी महिनाभर भिऊन गप्प बसलो. ते पाप माझं."

पेंटरनं तोंडातलं रक्त बाहीनं पुसलं.

"त्यानं जागा बदलली नसती, तर मीच त्याला मारलं असतं, बाई."