दोन मिनिटांची सुट्टी

बुधवारी थॉर्नशॉ गावात बाजार असतो आणि त्या दिवशी आमच्या वाचनालयात चिटपाखरूही फिरकत नाही. म्हणून मी मुद्दाम तीच दुपार धरली. बाजाराच्या जुन्या इमारतीची दुरुस्ती चालली होती, तेव्हा भिंतीतून फिल्मचा एक डबा निघाला. मँचेस्टरहून मी त्याची नवी प्रत करून आणली. १९०१ साल, आमच्याच कापडगिरणीचं फाटक, जेवणाची सुट्टी. दोन मिनिटांची मूक फिल्म! वीस वर्षं मी या गावाचा इतिहास गोळा करतेय, पण असं घबाड कधी हाती लागलं नव्हतं.

बघायला दोघींनाच बोलावलं होतं. नेली आणि एडा, दोघी सत्तरी ओलांडलेल्या, दोघींची हयात मागांवर गेलेली. मागांच्या खडखडाटात कान काही कामाचे नसतात. विणकर बायका आवाज न काढता ओठांनी बोलतात आणि पार पलीकडच्या टोकाची बाई ते वाचते. फिल्ममधल्या बायका काय बोलतात, ते मला हवं होतं.

नेलीला वेगळंच हवं होतं. तिला जन्म देताना तिची आई गेली. मागे एक फोटो नाही. फिल्म काढली त्या वर्षी, नेली पोटात असताना, आई याच गिरणीत होती.

"ओळखू कशी गं तिला?" उकडलेल्या काळ्या वाटाण्यांचा वाडगा मांडीवर धरून नेली म्हणाली.

"आधी ते वाटाणे संपव. व्हिनेगरच्या वासानं जीव नकोसा झालाय," एडा म्हणाली.

मी खिडक्यांचे पडदे ओढले, प्रोजेक्टर सुरू केला. फाटक उघडलं आणि शाली पांघरलेल्या बायकांचा लोंढा बाहेर आला. एडा भराभर वाचायला लागली. "ही म्हणते, कालचे बटाटे कच्चेच होते. ती म्हणते, मेला मुकादम नुसता डोळे वटारतो... अगं बाई! नेली, ही तर तूच!"

डाव्या बाजूनं एक पोटुशी बाई चालत गेली. नेलीचंच रुंद कपाळ, नेलीचीच वाकडी हनुवटी.

नेली रडली, हसली, तिनं माझा हात घट्ट आवळला. "परत लाव, पोरी! परत लाव!"

मी लावली. या वेळी ती बाई फाटकापाशी थांबली. पहिल्यांदा ती थांबली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. ती सरळ आमच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

"काय म्हणतेय?" मी एडाला विचारलं.

"कंबर मोडून आलीय म्हणते." एडा खुर्चीत पुढे सरकली. "म्हणते, घटकाभर माझे माग सांभाळशील का? घरी जाऊन जरा पाठ टेकते."

आमच्याकडे हे मागणं कुणी नाकारत नाही. शेजारणीनं खूण केली की तिचे माग बघायचे. विचार करायच्या आत मान हलते.

"नेली, गप्प बस!" एडा ओरडली. "हो म्हणू नकोस!"

नेलीनं मान डोलावली होती. तिचे ओठही हलले होते, आवाजाशिवाय.

पडद्यावरची बाई हसली. शाल डोक्यावरून घेऊन ती निघून गेली.

मी दिवे लावले. नेलीचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"नेली, चहा करू?"

तिला ऐकू गेलं नाही. मी खांद्याला हात लावला. तिनं माझ्या ओठांकडे निरखून पाहिलं आणि ओठांनीच उत्तर दिलं. तिच्या भुवयांवर कापसाचे पांढरे तंतू होते. गिरणी बंद पडून अकरा वर्षं झालीत.

दहा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, कान ठणठणीत, गळाही ठणठणीत. मी रोज फिल्म लावून बघते. फाटकातून सगळ्या बाहेर येतात, ती बाई येत नाही.

काल एडाला घेऊन नेलीकडे गेले. नेली खुशीत होती, समोर माग असल्यासारखे तिचे हात चालत होते. एकच वाक्य ओठांनी पुन्हा पुन्हा म्हणत होती. एडानं तोंड फिरवलं.

"सांग ना, काय म्हणतेय?"

"विचारतेय," एडा म्हणाली, "आई अजून परत कशी आली नाही?"