बदकाची आठवी फेरी

त्या दोघांची पहिली भेट गाडीखाली झाली. घाबरू नका, अपघात वगैरे काही नाही. ती मोटारींच्या संग्रहालयात नोंदी ठेवायची, आणि एका जुन्या गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर वाचायला टॉर्च घेऊन डावीकडून गाडीखाली सरकली होती. त्याच वेळी उजवीकडून तेलाने माखलेला एक चेहरा आत आला आणि दोघांची डोकी ठाणकन आपटली.

"मॅडम, ही जागा माझी आहे," कपाळ चोळत तो म्हणाला.

"जागा संग्रहालयाची आहे. आणि गाडी माझ्या आजोबांनी बनवलेली आहे."

"अस्सं! म्हणजे पाण्याचा पंप इतक्या अडचणीत बसवणारे गृहस्थ तुमच्या घरचे?"

"तुम्ही दुरुस्त करायला आलात की नावं ठेवायला?"

"मला दोन्ही एकदम जमतं."

तिला राग आला, आणि हसूही आलं. अंधारात ते दिसणार नाही असं तिला वाटलं खरं… पण टॉर्च तिच्याच हातात होता आणि त्याचा उजेड तिच्याच चेहऱ्यावर पडला होता.

गाडीचं नाव बदक. ग्रां प्रीच्या शर्यतींसाठी आबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, ऐन तारुण्यात काढलेलं ते एकुलतं एक डिझाइन. तेव्हा सगळ्यांच्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागे असायची. आबांनी तिचे दोन भाग केले आणि ते चालकाच्या दोन्ही कुशींना बसवले. त्यामुळे पेट्रोल संपत आलं तरी गाडीचा तोल ढळत नसे आणि वळणावर बदकाचा हात कोणी धरू शकत नसे. फक्त गाडीचं नाक रुंद आणि चपटं होतं, आत वारा पुरेसा जात नसे, आणि इंजिन तापायचं. सात शर्यती झाल्या, आणि सातही अर्धवट राहिल्या.

आता सहा आठवड्यांनी संग्रहालयाचं नवं दालन उघडणार होतं. त्या दिवशी शर्यतींच्या त्याच जुन्या ट्रॅकवर बदक एक फेरी मारणार होतं. आबा त्र्याऐंशी वर्षांचे. "एकदा तिला रेषा ओलांडताना बघू दे," एवढंच ते नातीला म्हणायचे. काहीही करून ती फेरी पूर्ण व्हायला हवी होती. फेरी झाली की तो मेकॅनिक दुसऱ्या गावी, चालू शर्यतींच्या वर्कशॉपमध्ये रुजू होणार होता. त्याचं तिला काही नव्हतं. निदान पहिल्या आठवड्यात तरी नव्हतं.

शेडमध्ये खिडकीशी तिचं टेबल होतं. ती जुन्या फाइली वाचायची, तो पान्याने बोल्ट फिरवायचा.

"चौथी शर्यत," ती वाचायची, "बाविसाव्या फेरीला बाद. पाणी उकळलं."

"कुठे?"

"तलावाकडच्या उतारानंतर. पाचवी… तिथेच. सहावीही तिथेच!"

"थांबा. पुन्हा वाचा ना."

"ऐकू आलं नाही?"

"आलं की. पण तुम्ही वाचलंत की हरलेली शर्यतही बरी वाटते."

ती फाइलीत तोंड खुपसायची. त्या फाइलीत एका नकाशाच्या कडेला आबांच्या हातचं एक वाक्य होतं, 'उतारावर इंजिन सोडा.' तिने ते मोठ्याने वाचलं, तेव्हा मात्र त्याने थट्टा केली नाही. तो उठून आला आणि तिच्या खांद्यावरून वाकून बराच वेळ ते अक्षर बघत राहिला. खिडकीवर पाऊस टपटपत होता… आणि तिला पुढची ओळ सापडेना.

त्याची एक शिस्त होती. बोल्ट पुरता आवळला, की त्याच्या डोक्यावरून बाजूच्या धातूपर्यंत पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी हलला, तरी रेघ तुटलेली दिसते. पुन्हा उघडला तर जुनी रेघ पुसायची नाही, शेजारी नवी काढायची, म्हणजे तो किती वेळा उघडला हे पुढच्या माणसाला कळतं.

फेरीच्या आदल्या दुपारी ती नोंदीसाठी रेघा मोजत होती. सगळीकडे एकेक होती. पाण्याच्या पंपाच्या चार बोल्टांवर मात्र सहा-सहा.

"हे काय आहे?" तिचा आवाज चढला. "सहा आठवडे, सहा वेळा? पंप खराब आहे का? खरं सांगा!"

"पंप उत्तम आहे."

"मग का उघडत होतात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "पंप गाडीच्या डाव्या अंगाला आहे… आणि तुमचं टेबलही."

"म्हणून?"

"उजव्या अंगाला नुसती भिंत दिसते."

तिने वही मिटली. मनात आनंदाची एक लाट उसळली आणि पाठोपाठ भीती. "माझ्या आबांची एकच इच्छा आहे हो! उद्या याच पंपातून पाणी गळलं तर?"

"प्रत्येक वेळी बोल्ट डोळ्यांत तेल घालून आवळलेत. उद्या ती थांबली," तो हळूच म्हणाला, "तर तुम्हाला पुन्हा तोंड दाखवणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच गाडीत बसला. आबा रेषेपाशी खुर्चीत, काठी गुडघ्यांत धरून. बदक गुरगुरत निघालं, पहिलं वळण सुरेख कापलं आणि झाडांमागे गेलं. मग उताराजवळ आवाज एकदम बंद झाला.

तिने आबांचा हात घट्ट धरला. आठव्यांदाही तिथेच! आणि तो… तो आता तोंडही दाखवणार नाही.

"आबा, चला आपण आत जाऊ."

"बस, चिमे," आबा म्हणाले. त्यांचे डोळे लकाकत होते. "शहाणा आहे पोरगा. इंजिन बंद करून सोडलंय त्याने. नुसता उतारावरून घसरतोय, गार होऊ देतोय तिला. त्या वेळी ओरडून सांगत होतो, एकाही चालकाने ऐकलं नाही. वेग जाईल म्हणे!"

खालून इंजिनचा एक खोकला ऐकू आला, मग दुसरा, आणि मग पूर्ण आवाज. ओल्या रस्त्यावर पाणी उडवत बदक आलं आणि त्याने रेषा ओलांडली. आबा काठी विसरून उभे राहिले. रडत होते आणि हसतही होते. तीही तशीच.

गर्दी पांगल्यावर तिने नोंदवहीत सात अर्धवट शर्यतींखाली आठवी ओळ लिहिली, 'एक फेरी. पूर्ण.' तो शेजारी उभा होता, हेल्मेटमुळे केस उभे राहिलेले.

"उद्या जाणार?" तिने वहीतून वर न बघता विचारलं.

"जावं लागेल. तीन तासांवर तर आहे. रविवारी सुट्टी असते… दर रविवारी." तो अडखळला. "मला तुम्ही फार आवडता. हे पंप उघडायच्या आधीच सांगायला हवं होतं."

"सहा वेळा उघडायच्या आधी," ती म्हणाली. "मलाही आवडता तुम्ही. गाडीखालीच आवडलात, पण डोकं दुखत होतं."

तिने त्याच्या खिशातली पिवळ्या रंगाची बाटली काढली, त्याचा हात आपल्या हाताला लावून टेबलावर ठेवला, आणि त्याच्या बोटांवरून आपल्या बोटांपर्यंत एक सलग रेघ ओढली.

"आता हललात," ती म्हणाली, "तर मला कळेल."

रंग वाळेपर्यंत कोणीच हललं नाही.