विळ्याचा वण

गोदावरीबाईंच्या रक्तातली साखर तिसऱ्यांदा घसरली, तेव्हा डॉक्टर अतुलनी थेट पोलिसांना फोन लावला. आसगावची ही म्हातारी मधुमेही नव्हतीच. भंडाऱ्याच्या दवाखान्यात सलाईनमधून साखर चढवावी, आणि दोन तासांत ती पुन्हा उतरावी.

"साखर उतरवायचं औषध कोणीतरी अजूनही देतंय," ते म्हणाले. "असंच चाललं तर या उद्या नसतील."

फौजदार रक्षाताईंनी भेटीगाठी बंद केल्या, दारात शिपाई बसवला. तरीही साखर उतरली. 

संशय गुड्डीवर होता. पोटची नाही, पोसलेली लेक, पण रांधायची तीच. सोमवारी म्हातारी तिच्या नावाने शेत करून देणार होती. तसं न झाल्यास ते जाणार पुतण्या मनिषकडे.

"तुह्या काकूले कधी भेटला होता?" रक्षाताईंनी त्याला विचारलं.

"रोवण्यात, धानाची लावणी चालू होती तवा. पंधरा दिवस झाले. तवापासून मी नागपुरातच, औषधाच्या लॅबमध्ये."

"तिच्या दंडावर वण कायचा हाय?"

"रोवता रोवता विळा लागला तिले. मीच पट्टी बांधली. गुड्डी मजूर बाया आणाले गेली होती." त्याने डोळे पुसले. "मॅडम, घरी नेऊ द्या तिले. इथं कायले तडफडवता?"

रक्षाताई उठल्या. त्यांचं माहेरही धानाचंच.

"डॉक्टर, तो वण उघडा."

कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी, अर्धी विरलेली पांढरी कांडी निघाली. संध्याकाळपर्यंत साखर उतरायची थांबली.

"रोवण्यात विळा असतेच कुठी?" रक्षाताई मनिषला म्हणाल्या. "पऱ्याची रोपं हातानं उपटतात, हातानंच चिखलात खोचतात. विळा निघते कापणीले. धानाच्या घरचा असून तू चुकला, कारण बांधीच्या चिखलात कधी उतरलाच नाही. तुह्या लॅबमध्ये फोन केला मी. अशा कांड्या तिथंच बनतात. कातडीखाली सरकवली की औषध पहिले थेंब थेंब झिरपते, कांडी फुगली की जास्त. महिन्यानं कांडीच राहत नाही. म्हणून पहारा असून साखर उतरे, अन् म्हणून तुले घरी न्यायची घाई. रोवणा तू केलाच, मनिष. बांधीत नाही, तिच्या दंडात."

शिपायाने मनिषचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी गोदावरीबाईंनी डोळे उघडले. गुड्डी त्यांना पेज पाजत होती.

"मनिष कुठी गेला वो? गुडघ्यासाठी दंडात औषध घातलं होतं बिचाऱ्यानं. त्याले सांगजो, अजून आराम नाही पडला."

गुड्डीने चमचा पुन्हा भरला.