मागच्या फाटकाची खुर्ची

"बाई, इर्माला उचललं! मागच्या फाटकाशी!"

रखवालदार वेंडेल धापा टाकत वर्गाच्या दारात आला. ऑफेलियाबाईंनी खडू खाली ठेवला. कोपऱ्यात इर्माची मुलगी नायेली चित्र रंगवत होती. आता या पोरीला घरी कोण नेणार?

शाळेत शिरायचं तर कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना धरणाऱ्या सरकारी पथकाला न्यायाधीशाचं वॉरंट लागे, म्हणून ते बाहेर टपून बसत. मुलांच्या आयांनी फाटकावर राखणीच्या पाळ्या लावल्या होत्या. रस्ता मोकळा असला तरच निळी खुर्ची बाहेर मांडायची. ती दिसल्याशिवाय कुठलीच आई कोपरा ओलांडत नसे.

बाई फाटकाशी गेल्या. बर्फ नुकतंच थांबलं होतं. पांढऱ्या रस्त्यावर, फाटकासमोरच, मोटारीएवढा कोरडा काळा चौकोन उरला होता. खुर्ची बाहेरच होती. बाईंनी ती उचलली. खुर्चीच्या पायांखाली बर्फ दबलेलं होतं.

"खुर्ची कुणी मांडली?"

"मी," अंपारो म्हणाली. पाळी तिची होती. ती नायेलीची धर्मआई. आपल्यामागं मुलगी हिच्याच हवाली करा, असं इर्मानं शाळेला बजावून ठेवलं होतं.

"कधी?"

"बर्फ पडायच्या आधी. रस्ता मोकळा होता, बाई. मेले मागाहून आले."

"मग कुणी हलवली?"

"छे, कुणी हातसुद्धा लावला नाही."

"वेंडेल, तू कुठं होतास?"

"पुढच्या दारात बर्फ ओढत होतो. चोर शोधायचा म्हटलं की आधी रखवालदारच दिसतो ना!"

"गप रे."

पहिलीच्या पोरांना गणित समजवावं तशा बाई सावकाश बोलल्या. "त्यांच्या मोटारीखालचा रस्ता कोरडा. म्हणजे ती बर्फाआधीपासून उभी. खुर्चीखाली मात्र बर्फ. म्हणजे खुर्ची नंतर आली. मोटार नाकासमोर उभी असताना तू ती मांडलीस, अंपारो."

अंपारोनं बाईंच्या हातातली खुर्ची घेऊन फाटकाच्या आत ठेवली.

"माझा एफ्राइन त्यांच्या कोठडीत होता. म्हणाले, एक बाई दाखव, पोरगा सोडतो."

"सोडला?"

"मघाशी त्याचा फोन आला. ग्वातेमालाहून, आमच्या देशातून. सकाळीच विमानात घातलं होतं त्याला."

वेंडेल थुंकला. "फुकटात विकलीस की गं!"

तेवढ्यात दप्तर घेऊन नायेली धावत आली आणि तिनं अंपारोचा हात धरला. "मावशी, आई कुठंय?"

तो हात सोडवायला बाई पुढं झाल्या आणि थबकल्या. अंपारोला नाही दिली, तर सरकारी माणसं पोरीला परक्या घरी ठेवतील. तिथून ती इर्माला कधी परत मिळेल, याचा नेम नव्हता.

बाईंनी नायेलीच्या कोटाची बटणं लावली. "जा बाळ, मावशीबरोबर. आईचं ती सांगेल." मग अंपारोकडे पाहून म्हणाल्या, "आजच. आणि सगळं."

नायेलीनं तिचा हात ओढला. "सांग ना मावशी! चालता चालता सांग."