पाव देणारा हात

"चेंडूनं ब्राँझचा हात तुटतो? मग ब्रुग्गेमानांचं डोकं अजून शाबूत कसं?" वीबके कडाडली.

"हळू गं! ऐकतील ना!" तिचा मित्र एनो म्हणाला.

"ऐकू देत!"

जर्मनीतल्या मारियेनबेक गावाच्या चौकात तीन ख्रिस्ती जोगिणींचे ब्राँझचे पुतळे उभे होते, गावातल्या जुन्या मठाची आठवण म्हणून. मठाच्या दारी भुकेल्यांना पाव मिळायचा, म्हणून मधलीच्या हातात पाव होता. होता! आज तिचा हात कोपरापासून गायब होता. आणि शेजारी आपल्या वार्षिक उत्सवाचा तंबू ठोकणाऱ्या नेमबाज मंडळाचे प्रमुख ब्रुग्गेमान गावासमोर वीबकेच्या धाकट्या भावावर खेकसले होते, "योंटे, तुझ्याच चेंडूचं काम! रविवारच्या मिरवणुकीत ढोल विसर!" वर्षभर तालीम केलेला योंटे घरी उशीत तोंड खुपसून पडला होता. कुणी चौकशी केली? छे! लहान पोर हाताशी सापडलं की मोठ्यांचं भागतं.

वीबके चौथऱ्यावर चढली. तुटलेल्या कडेत निळे धागे अडकले होते.

"एनो, तंबूचे दोर बघ!"

"निळेच! पण ते तर सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधलेत... अगं, तीनच कोपऱ्यांना ठोकळे! इकडे नुसती वाळूची पोती!"

"कारण इकडचा दोर जोगिणीच्या हाताला बांधला होता! काल वादळात तंबू फडफडला आणि गेला हात. आळशी मेले! ठोकळा उचलायला नको, आणि नाव माझ्या भावाचं! तुटलेला हातही या पोत्यांखालीच दडवला असणार!"

एनो तंबूत शिरला आणि आतून ओरडला, "ब्रुग्गेमानसाहेब, बीअरचं पिंप गळतंय!"

तंबूच्या दाराशी उभे असलेले साहेब धूम आत पळाले! तेवढ्यात वीबकेनं पोती उपसली आणि बोंब ठोकली, "या, या! बघा!"

सॉसेजच्या गाडीपुढची अख्खी रांग धावत आली. शेवटच्या पोत्याखाली पाव धरलेला हात होता. ब्रुग्गेमान परतले आणि जागीच थिजले.

"वाटलं होतं, उत्सवानंतर गुपचूप जोडून घेऊ..." ते चाचरले.

रांगेतल्या महापौरबाईंनी वीबकेची पाठ थोपटली. "शाब्बास! गावाची लाज राखलीस."

"शाब्बासकी राहू द्या!" वीबकेचे कान अजून तापलेले होते. ती ब्रुग्गेमानांकडे वळली. "योंटेला चारचौघांत बोल लावलात ना? मग माफीही चारचौघांत मागा. आमच्या दारात येऊन!"

तंबूत ठेवलेला योंटेचा ढोल गळ्यात अडकवून ब्रुग्गेमान निघाले. मागे सगळा चौक! सुजलेल्या डोळ्यांनी योंटेनं दार उघडलं.

"चुकलो, बाळा," ते पुटपुटले.

"मोठ्यानं! ओरडलात तेव्हा आवाज होता ना?" वीबके गरजली.

"चुकलो!"

योंटेनं ढोल ओढून घेतला आणि भर दारात असा टोला हाणला, की ब्रुग्गेमानसाहेब दचकून पायरीवरून घसरले.